चांदी काळी का पडते, हे आबांना विचारा

संपादकांचा फोन आला, "काकू, सोन्याचांदीच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, सोन्याचं मला विचारू नका. सोनं आमच्या मालकांकडं, म्हणजे नवऱ्याकडं होतं. ते तिजोरीत गप पडून राहतं, त्याला कधी काही होत नाही, म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखंही काही घडत नाही. चांदीचं विचारा. चांदी रुसते, रंग बदलते, घरातल्या गोष्टी बाहेर सांगते. गेवराईच्या आमच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी जन्मभर चांदी उजळली. रिठ्याचं पाणी, पितळी तारांचा ब्रश आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा, एवढंच माझं भांडवल. पुढं मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलत, मागं मी गिऱ्हाइकाच्या घरचं ओळखत बसे.

चांदी काळी पडली की गिऱ्हाईक दोनच गोष्टी म्हणतं. सराफानं फसवलं, नाहीतर अंगात काहीतरी वाईट शिरलं. तिसरं कारण असू शकतं, हे कुणाच्या मनालाही शिवत नाही.

पालीचा म्हसू धनगर एकदा बायकोला घेऊन आला. हातातलं चांदीचं कडं कोळशासारखं झालेलं. बायकोची पक्की खात्री, नवऱ्यावर करणी झालीय, आणि ती कुणी केली हेही तिनं ठरवून टाकलं होतं. म्हसू बिचारा दिवसेंदिवस खरंच आजारी दिसायला लागला होता. मी म्हटलं, "म्हसूभाऊ, हात हुंगा बरं."

त्यानं हुंगला. "मेंढरावाणी वास येतोय."

"मेंढरांना काय लावताय सध्या?"

"खरूज झालीय. तेलात गंधक कालवून चोळतोय."

झालं. गंधक आणि चांदी यांचं जुनं सूत आहे, समोर आले की चिकटतात. मी कडं उजळून दिलं आणि औषध लावताना काढून ठेवायला सांगितलं. म्हसूचा चेहरा एका क्षणात बरा झाला. बायको मात्र हिरमुसली. "म्हंजे करनी न्हाईच?" तिनं दोनदा विचारलं. धाकट्या जावेशी मांडलेलं भांडण आता कशाच्या जोरावर चालवायचं, हा तिचा खरा प्रश्न होता.

हे गंधकाचं मला सासऱ्यांनी शिकवलं होतं. पण आत नेमकं काय घडतं ते कळलं माझ्या भाचीमुळं. मुक्ता पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. धातूचा एकेक कण दिसेल असं यंत्र त्यांच्याकडं आहे. एका दिवाळीला तिनं लॅपटॉपवर चांदीची चित्रं दाखवली. आपण ज्याला चकचकीत सपाट पत्रा म्हणतो, तो त्या यंत्रात पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, डोंगरउतारावरच्या शेतांसारखा.

"आत्या, आता बघ," ती म्हणाली. "हवेतला गंधकाचा वायू म्हणजे सुटे कणच. ते चांदीवर येऊन बसतात. नुसते बसत नाहीत, मोडतात. त्यांच्यातला गंधक चांदीच्या कणाला धरतो आणि पायरीच्या कडेवरून उपटून काढतो. उपटलेले कण सरकत सरकत जातात, एकत्र येतात, त्यांचे ढीग होतात. सपाट होतं तिथं टेकाडं, टेकाडं होती तिथं खड्डे. तू ज्याला काळं पडणं म्हणतेस ना, तो सगळा उठलेला गाव आहे."

आमचे मालक चष्मा सावरून म्हणाले, "म्हणजे चांदीसारखी चांदी, तिचेबी कण जागेवर टिकत नाहीत? मग आपल्याकडच्या पुढाऱ्यांना उगीच नावं ठेवतो आपण."

मला त्या चित्रांनी एक जुनी गोष्ट कळली. काळं पडताना चांदी आधी हळदीसारखी पिवळी होते, मग तांबूस, मग जांभळी निळी आणि शेवटी काळी. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो. हे रंग मी वर्षानुवर्षं बघत होते, त्यावरून वस्तू किती दिवस कुठं पडून होती याचा अंदाजही सांगत होते. त्या रंगांखाली एवढी पळापळ चालू असते, हे मात्र ठाऊक नव्हतं. आणि एक कळलं त्याचं वाईट वाटलं. ब्रशनं घासून काळेपणा काढला की त्याच्यासोबत उपटलेली चांदीही जाते. जुन्या घरातल्या देवांची नाकं बसकी का होतात? भक्तीनं नव्हे, उजळून उजळून.

आता मूळ गोष्ट. चकलांब्याचे आबा.

आबा म्हणजे मोठी जमीन, मोठा आवाज आणि दर निवडणुकीत कुणाला पाडायचं हे ठरवणारा माणूस. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून ते जिथं माईक मिळेल तिथं दारू आणि मांसाहार सोडा म्हणून सांगायला लागले. मुलाचं लग्न झालं. दिंद्रुडची मुलगी, रेणुका. नवी सून घरात आली म्हणून आबांनी घरच्या देवीला आमच्याकडून चांदीचा मुखवटा घडवून घेतला. आमच्या मालकांनी आयुष्यात इतकं सुरेख काम दुसरं केलं नव्हतं. नाकात नथ, कपाळावर मळवट, आणि ओठांवर हसू आहे की नाही असं वाटायला लावणारी एक बारीक रेघ.

महिना झाला नसेल, दुकानापुढं दोन जीपगाड्या थांबल्या. आबा उतरले, मागून त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव माई म्हणतं, आणि मागोमाग चार-पाच कार्यकर्ते. मालक न पडलेलं वजन शोधायला काउंटरखाली वाकले.

"शेठ," आबा सभेतल्या आवाजात म्हणाले, "ह्या चांदीला कंचा रोग झालाय?"

त्यांनी मुखवट्याचं फडकं सोडलं. मी मागच्या खोलीतून बाहेर येऊन बघितलं. देवीचे गाल काळे, हनुवटी जांभळी, कानाजवळ पिवळे डाग. बाजाराचा दिवस होता. दुकानापुढं माणसं जमली. 'खोटी चांदी' हे दोन शब्द एकदा बाजारात फिरले की सराफानं दुकानाला कुलूप लावावं, इतके ते वाईट.

मालक खालून वर येईनात, तेव्हा मीच कसोटीचा दगड आणि ॲसिडची बाटली काढली. "आबा, सगळ्यांसमोर बघा," म्हटलं आणि मुखवट्याची मागची कड दगडावर घासली, त्या रेघेवर थेंब टाकला. शेजारी दुसऱ्या चोख चांदीची रेघ ओढली, तिच्यावरही थेंब टाकला. दोन्ही रेघा सारख्या. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "चांदी चोख हाय की बे!" आणि दुकान वाचलं.

मी पदर खोचून विजयी मुद्रेनं उभी होते, तेवढ्यात माई म्हणाल्या, "चांदी चोख हाय ना? मग खोट आमच्या घरातच हाय." आणि त्यांनी मागच्या जीपकडं बघितलं. "पोरगी उंबऱ्याच्या आत आली अन् देवी काळी पडली."

जीपमध्ये एक कोवळी मुलगी पदर हातात घट्ट धरून बसली होती. आख्ख्या बाजाराच्या माना तिच्याकडं वळल्या. मी माझं दुकान सोडवलं होतं आणि आळ तिच्यावर गेला होता. आबांनी घसा खाकरला, पण बोलले काहीच नाहीत. ह्याचं तेव्हा मला जरा नवल वाटलं. न बोलणं हे आबांचं काम नव्हे.

मी मुखवटा उजळून दिला. पंधरवड्यात माई पुन्हा आल्या, एकट्या. मुखवटा पुन्हा काळा. रेणुकाला देवघरात जायची, पूजेच्या पाण्याला हात लावायची बंदी झाली होती. तरीही देवी काळीच. "अमावास्या झाली की दिंद्रुडला धाडणार हाय तिला," माई म्हणाल्या. "तिच्या पायातली जोडवीबी काळी पडलीत. अजून काय पुरावा पायजे?"

"माई, जरा तुमचं पाऊल दाखवा."

त्यांनी लुगडं वर केलं. त्यांची जोडवी रेणुकाच्या जोडव्यांपेक्षाही काळी असणार, हे मला न बघताच माहीत होतं. शेणामातीत वावरणाऱ्या कुठल्या बाईची नसतात? माईंनी लुगडं झटकन खाली केलं. पण मत बदललं नाही.

त्या दिवशी मी मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, माणसांच्या साक्षी कशाला काढतेस? चांदीलाच साक्षीला उभी कर. घरात जागोजाग पत्र्याचे तुकडे टांग. वायू जिथं असेल तिथला तुकडा बोलेल."

दुसऱ्या दिवशी एसटीनं चकलांबा गाठलं. माझ्या पिशवीत एकाच पत्र्याचे कापलेले, आरशासारखे उजळलेले तुकडे होते. एक स्वयंपाकघरात टांगला, एक बैठकीत, एक रेणुकाच्या खोलीत. एक दोऱ्यात ओवून रेणुकाच्या गळ्यात घातला आणि दुसरा तसाच माईंच्या.

"मला कावून?" माई म्हणाल्या.

"न्याय म्हटला की दोन्ही पारडी लागतात माई."

हा काहीतरी देवीचा कौल आहे असं माईंना वाटत होतं. मी दोनदा म्हटलं की कौल नाही, चाचणी आहे. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. शेवटचा तुकडा घेऊन देवघराकडं निघाले तर आबा दारात आडवे.

"तिथं नगं. सोवळं असतंय."

"आबा, मुखवटा तिथंच काळा पडतो ना? मग तिथं टांगायला नको?"

माईंनीच माझ्या हातातला तुकडा घेतला आणि देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवला. देवघरात धुपाचा इतका दाट धूर होता की देवीला ठसका लागावा. माई कौतुकानं म्हणाल्या, "लग्नापासून ह्यांची पूजा लई वाढलीय. दार लावून तासतास ध्यानाला बसत्यात."

निघताना रेणुका पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठाम होता. "काकू, एक सांगू? मी सांगितलं असं कुटं बोलू नका. आबा धूप लई लावतात. कावून लावतात, ते तुमीच बघा."

आठवड्यानं परत गेले. सगळे बैठकीत जमले, अगदी न्यायालय भरल्यासारखे. रेणुकाच्या खोलीतला तुकडा लख्ख. बैठकीतला लख्ख. स्वयंपाकघरातला किंचित पिवळसर, तिथं कांदा-लसूण असतोच. रेणुकाच्या गळ्यातला आणि माईंच्या गळ्यातला, दोन्ही सारखेच चकचकीत. मी ते दोन्ही माईंच्या तळहातावर ठेवले आणि म्हटलं, "ह्यातला सुनेचा कंचा अन् सासूचा कंचा, सांगा." माईंना सांगता आलं नाही.

मग देवघरातला तुकडा आणला. जांभळा-काळा, आणि खालच्या कडेला सगळ्यात गडद.

"म्हंजे देवीच रुसली?" माईंनी हात जोडले.

"देवी नाही रुसली. देवघरातल्या हवेत एक वायू आहे. तो खालून वर येतोय." मी आबांना, माईंना आणि रेणुकाला देवघराशी घेऊन गेले. देव्हाऱ्याच्या खाली एक बंद कपाट होतं. किल्ली आबांच्या कमरेला. "त्यात काय आहे आबा?"

"पोथ्या."

मी माईंना म्हटलं, लई लांबून आले, चहा टाका. माई आणि रेणुका स्वयंपाकघरात गेल्या. माणसाला एकदा मागचं दार उघडून द्यावं, एवढं मी दुकानात शिकले होते. मी दाराकडं पाठ करून हळू आवाजात म्हटलं, "आबा, धूप लावून लावून दमलात की हो. पोथ्यांना अंड्याचा वास कधीपासून यायला लागला?"

एवढा मोठा माणूस पाटावर बसकण मारून बसला. मग कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. पोथीच्या लाल फडक्यावर स्टीलचा डबा, त्यात उकडलेली, सोललेली, पांढरीशुभ्र अंडी, आणि बाजूला मिठाची पुडी.

"सोललेली आणता?"

"टरफलं सापडली तर?" आबा म्हणाले. "लग्नाच्या धावपळीत लई अशक्तपणा आलता. डागदर म्हणाले, रोज दोन अंडी खा. मी माळकरी. समद्या तालुक्याला मटण सोडा म्हणून सांगत हिंडलेला. गेवराईत स्टँडच्या गाड्यावरून आणवतो. खायाला एवढी एकच जागा, जिथं कोण येत न्हाई."

उकडलेल्या अंड्यातून गंधकाचा वायू झिरपत राहतो. सोलून डब्यात दिवसदिवस ठेवली तर विचारूच नका. बंद कपाट, वर देवी, खाली आबांची न्याहारी. तिच्या गालांवरून तो वायू रोज चांदीचे कण उपटत होता आणि हे खाली डोळे मिटून ध्यान करत होते. मला हसू आवरेना. पण त्या पोरीचे सुजलेले डोळे आठवले आणि हसू गेलं.

"अंडी खा, डब्यानं खा, आमचं काही म्हणणं नाही. पण तुमच्या सुनेला माहेरी धाडायला निघालेत, आबा. तुम्ही ऐकत बसलात."

"मला वाटलं चार दिसांत इसरतील." मग त्यांच्यातला पुढारी जागा झाला. "काकू, आपण असं करू. तांत्रिक बिघाड झालता, असं सांगू."

"कशात? देवीत?"

एवढ्यात मागं कपबश्या वाजल्या. रेणुका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि तिच्या मागं माई. डबा उघडाच, आबांच्या मांडीवर. माईंनी डब्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि विचारलं, "ध्यान लागतंय का?"

आबांनी मान खाली घातली.

मला वाटलं होतं माई अंड्यांवरून घर डोक्यावर घेतील. तसं झालं नाही. त्या रेणुकाकडं वळल्या. "तुला ठावं व्हतं?"

"वास येत व्हता," रेणुका म्हणाली. "पर सासऱ्याचं नाव कसं घेऊ? मी सांगितलं असतं तर तुमी मलाच खोटं ठरिवलं असतं."

माईंनी तिच्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला. मग आबांना म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांचा आवाज आबांपेक्षा मोठा होता, "अंड्याचं मला काय न्हाई. पर ह्या लेकराला मी नगं नगं ते बोलले. तुमास्नी समदं ठावं असून तुमी जेवत बसलात? माळ माईकवर मिरवली ना? आता ह्येबी माईकवरच सांगायचं."

मुखवटा मी तिथंच अंगणात उजळला, आणि या वेळी ब्रश लावला नाही. मुक्तानं सांगितलं होतं तसं घमेल्यात ॲल्युमिनियमची पन्नी पसरली, वर मुखवटा, त्यावर कढत पाणी आणि खायचा सोडा. ह्यात चांदी झिजत नाही. धरून बसलेला गंधक तिला सोडतो आणि पन्नीकडं जातो. चांदी बरीचशी होती तिथंच राहते. फक्त जाताना तो आपला वास सोडून जातो. बघता बघता सगळ्या अंगणात अंड्याचा भपकारा सुटला. माईंनी नाकाला पदर लावला आणि आबांकडं बघितलं. आबा गोठ्याकडं चालते झाले.

पाण्यात देवीचे गाल हळूहळू पांढरे होत गेले. रेणुका शेजारी बसून बघत होती. ओठांवरची ती बारीक रेघ सगळ्यात शेवटी उजळली.

चार दिवसांनी चकलांब्याच्या देवळापुढं मंडप होता, कसल्याशा सप्ताहाची सांगता. माईंनी मला आणि मालकांना मुद्दाम बोलावून घेतलं. आबा माईकपुढं उभे राहिले. त्यांची भाषणं दिवस मावळवणारी असायची. त्या दिवशी प्रस्तावनाही नव्हती. त्यांनी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि देवापुढं ठेवली.

"आमच्या देवीची चांदी काळी पडत व्हती," ते म्हणाले. "लोक सुनेला बोलले. शेठला बोलले. दोगांचीबी चूक न्हाई. मी चोरून अंडी खात व्हतो, देव्हाऱ्याखाली ठिवून. त्याचा वायू लागला. सूनबाईला ठावं व्हतं, तरी तिनं माझी इज्जत राखली. मी तिची राखली न्हाई."

शेजारी आमच्या मालकांनी डोळ्याला रुमाल लावला, चांदी चोख असल्याचं माईकवरून ऐकून. तेवढ्यात मागून एक माळकरी म्हातारा उठून ओरडला, "आबा, बसा आता खाली! आमीबी खातो. पर आमी गोठ्यात खातो, देवाला तरास देत न्हाई!"

मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पुरुष मांड्या थोपटत होते, बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. खुद्द आबाही माईक धरून हसायला लागले आणि ते हसणं कर्ण्यातून शिवारभर गेलं. बायकांच्या पहिल्या ओळीत रेणुका पदराचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबत होती, लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माईंनी हात पुढं केला, तिच्या तोंडातला पदर ओढून काढला आणि म्हणाल्या, "हस की गं पोरी, मोठ्यानं हस. तुझंच घर हाय."